स्टार्ट दोनदा दाबलं

मी बाथरूममध्ये होते आणि बाहेर भोंगा वाजायला लागला.

आगीचा नव्हता. सुटीची वेळही नव्हती. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता, कारण तो मीच निवडला होता. फुकट मिळणाऱ्या आवाजांतून, मोबाईल कानाला लावून, एकेक ऐकून. बदक ओरडावं तसा होता. निवडताना मला हसू आलं होतं. आता मी सलवारची नाडी हातात धरून आत उभी होते. पाळीचा दुसरा दिवस. पॅड अर्धवट बदललेलं. आणि बाहेर माझं बदक बोंबलत होतं.

नाडी कशीबशी बांधली. हातसुद्धा धुतले नाहीत. दार उघडलं तर अख्खा गाळा माझ्याकडे बघत होता. आमची सुपरवायझर रेखाताई, तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर कामाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून असायचा. आज तो आमच्याकडे फिरवलेला होता. पडदा लालभडक, मधोमध मोठी शून्यं. तो लाल रंगही माझाच. टेबलाला टेकून छोटे शेठ उभे होते, म्हणजे मालकांचा मुलगा.

"अंदर सोने जाती हो क्या?" ते म्हणाले. "चार मिनट दिया है. चार मिनट में आदमी नहा के आ जाता है."

दोघी-तिघी हसल्या. भीतीने हसल्या असतील, पण हसल्या.

रेखाताईने माझ्या हातातून बाथरूमला जायचा बिल्ला घेतला, खिळ्याला अडकवला, माऊसने भोंगा बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून पुढे बस. माझ्या नजरेसमोर."

जागेवर जाऊन बसले तेव्हा शेजारच्या काशीमावशीने कानात सांगितलं की मागे डाग पडलाय. तिने आपला टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. संध्याकाळपर्यंत मी उठले नाही.

लाज वाटलीच. पण लाजेच्याही आधी एक गोष्ट वाटली, ती आज आठवली की माझाच मला राग येतो. मला वाटलं, मीच उशीर केला. आत मला तर फार वेळ झाल्यासारखं वाटलं नव्हतं. पण घड्याळ सांगतंय म्हणजे झालाच असणार. घड्याळ मी बनवलेलं. ते खोटं कशाला बोलेल?

आमचा गाळा वसई पूर्वेला. तिथे अशा गाळ्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. वर पत्रा, पुढे शटर, आत ट्यूबलाइट आणि बायका. आमच्या गाळ्यात पेनं बनतात. आम्ही नळीत रिफिल घालायची, मागचं बूच ठोकायचं, टोपण लावायचं, पाकीट भरायचं. मोबाईल सकाळी आत शिरतानाच पेटीत जमा. भिंतीवर घड्याळ नाही. एक होतं म्हणे कधीतरी, बिघडलं म्हणून काढलं, ते परत लागलं नाही. किती वाजले ते फक्त ऑफिसला ठाऊक.

बायकांना बाथरूम एकच, आणि बिल्ला एकच. बिल्ला म्हणजे निळ्या प्लास्टिकचा गोल तुकडा, भोक पाडून सुतळी ओवलेला. रेखाताईच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला असायचा. जायचं असेल तिने तो उचलायचा, आल्यावर परत लावायचा. खिळा रिकामा असेल तर दम धरायचा. हा नियम शेठचा. पण त्या नियमात आम्ही बायकांनी आपला एक नियम घुसवला होता. कुणाला पाळी असेल, कुणी पोटुशी असेल, कुणाचे गुडघे काशीमावशीसारखे असतील, तर तिने नुसतं हातातलं पेन आडवं ठेवायचं. बाकीच्या समजायच्या आणि बिल्ला तिच्यासाठी सोडायच्या. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. मी नवी आले तेव्हा बघून बघून शिकले. गाळ्यात माणुसकी म्हणून जी काही होती ती एवढीच.

आता रेखाताईबद्दल सांगते. तिच्याबद्दल सांगताना अजून जीभ अडखळते.

आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला राहतो, चाळीत. आजोबा देशावरून आले. गावात वेशीबाहेर राहायचे, इथे नाल्याच्या कडेला राहिले. रेखाताईचं घर आमच्यापासून चार दारं सोडून. आमच्यातली पहिली पदवीधर बाई. वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत तिने अभ्यासिका सुरू केली होती. दर रविवारी आम्हा पोरींना बसवायची. इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायला लावायची आणि चुकलं की म्हणायची, "परत वाच. लाजायचं नाही. लाजायला शिकवलं म्हणूनच आपण मागे राहिलो." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. माझ्या आईला तर ती देवमाणूस वाटायची. आई सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायला जाते. ती म्हणायची, "माझी पोरगी रेखासारखी झाली की मी सुटले."

बारावी झाल्यावर पुढचं शिक्षण थांबलं तेव्हा रेखाताईनेच मला या गाळ्यात लावलं. ती तिथे सुपरवायझर. पहिल्या दिवशी मी सवयीने तिला जयभीम केलं. तिने आजूबाजूला बघितलं, मला कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "इथे गुड मॉर्निंग म्हणायचं." गाळ्यात ती नुसती 'रेखा मॅडम'. आडनाव कुणी विचारलं तर गावाचं नाव लावून सांगायची. मला खटकलं. पण मनात म्हटलं, बाईला पोट आहे, घर आहे. आपण कोण बोलणार?

त्याच दिवसांत मी मोबाईलवर प्रोग्रामिंग शिकायला लागले होते. फुकटचे व्हिडिओ बघून. एक मुलगा शिकवायचा, भराभर बोलायचा, मी थांबवून थांबवून बघायची. तो म्हणाला, नवशिक्यांनी पहिल्यांदा टायमर बनवावा. एक खिडकी, एक आकडा, तीन बटणं. सुरू, थांब, पुन्हा. आकडा शून्यावर आला की आवाज. मी सगळं वहीत उतरवलं. पण चालवून बघायला कॉम्प्युटर कुठून आणणार?

रेखाताईला सांगितलं. तिचा चेहरा असा फुलला, जणू तिचीच पोरगी पास झाली. म्हणाली, "ऑफिसचा आहे ना. काम सुटल्यावर बस. मी थांबते तुझ्यासाठी."

आणि खरंच थांबली. गाळा रिकामा व्हायचा, ती शटर अर्ध्यावर ओढायची, बिलं-चलनांच्या फायली बाजूला सारायची, मला खुर्ची द्यायची. स्वतः स्टुलावर. एकदा मी कंस बंद करायचा विसरले आणि प्रोग्राम काही केल्या उघडेना. मी रडकुंडीला आले. तिने चहा मागवला. हे सगळं खरं आहे. ती वाईट होती असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती चांगली होती, म्हणूनच हे लागलं.

टायमर कशाला, तर जेवणाच्या सुटीसाठी. ही कल्पना तिचीच. सुटी अर्ध्या तासाची, पण घंटा गेटवरच्या माणसाच्या हातात. तो त्याच्या मर्जीने वाजवायचा. डबा अर्धा असतानाच घंटा व्हायची, आणि कुणाकडे घड्याळच नाही तर भांडणार कशाच्या जोरावर? रेखाताई म्हणाली, "तुझा टायमर लावू. आकडा सगळ्यांना दिसेल. पुरा अर्धा तास, एक मिनिट कमी नाही. आपल्या बायकांना हक्काचं मिळेल."

हक्काचं. हाच शब्द वापरला तिने.

टायमर लागला त्या दिवशी बायकांनी डबे शांतपणे खाल्ले. कुणी तरी ताक आणलं होतं, ते सगळ्यांत फिरलं. काशीमावशी समुद्राकडच्या गावातून येते, तिकडे तिची अर्धी हयात मिठागरात गेली. तिने तिच्या डब्यातली तांदळाची भाकर आणि जवळा माझ्यापुढे ठेवला. "खा पोरी," म्हणाली. "तुज्या हातान कला हाय. आज पयल्यांदा मी डबा धुऊन ठेवला." मी जवळा खाल्ला आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. मी बनवलेल्या गोष्टीने कुणाचं तरी जेवण पुरं झालं होतं.

टायमरमध्ये एक चूक होती. ती मला नंतर सापडली. नवशिके हमखास करतात ती चूक. स्टार्ट दाबलं की प्रोग्राम दर सेकंदाला एक आकडा कमी करत जातो. पण तो चालू असताना परत स्टार्ट दाबलं तर पहिलं मोजणं थांबत नाही, त्याच्या जोडीला दुसरं सुरू होतं. एकाच ताटात दोघं जेवायला बसल्यासारखं. आकडा दुपटीने खाली येतो. चार मिनिटांची दोन होतात. पडद्यावर मात्र सगळं आधीसारखंच दिसतं, कुणी नीट निरखून बघितलं तरच कळतं.

मी रेखाताईला ते दाखवलं. हसत दाखवलं. "बघ ताई, दोनदा दाबलं की पळत सुटतं." तीही हसली. मी म्हटलं, एका ओळीचं काम आहे, स्टार्ट दाबल्यावर ते बटणच बंद करायचं. तेव्हा ती म्हणाली, "राहू दे गं. चालतंय ना? उशीर होतोय, आई वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, शेठनी कॉम्प्युटरला पासवर्ड घातलाय, आता संध्याकाळी बसता येणार नाही. मला वाईट वाटलं, पण संशय आला नाही. पुढच्याच सोमवारी बाथरूमला चार मिनिटांचा नियम आला, पडदा आमच्याकडे वळला आणि माझं बदक माझ्यावरच ओरडलं. जेवणाची सुटी परत गेटवाल्याच्या घंटेवर गेली.

तर मी आता पुढच्या बाकावर बसायला लागले. शिक्षा म्हणून. रेखाताईचं टेबल हाताच्या अंतरावर. टोपणं लावायला डोळे लागत नाहीत, कान तर नाहीतच. पहिल्याच दिवशी ऐकू आलं. एक मुलगी बिल्ला घेऊन गेली, माऊस वाजला, टक. थोड्या वेळाने काशीमावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, बाकाला धरून, तिची ती उठायची पद्धत. तिने बिल्ला घेतला. माऊस वाजला, टक टक.

मी पडद्याकडे बघितलं. आकडे दोनदोनने पडत होते.

मला आधी वाटलं, हात चुकून लागला असेल. माणूस आपल्या माणसाबद्दल किती वेळ चांगलं धरून चालतो बघा. मी त्या दिवशी वाट बघितली, दुसऱ्या दिवशीही बघितली. ज्या तरण्या, ज्यांचा हात भराभर चालतो, त्यांना एक टक. ज्या म्हाताऱ्या, ज्या उलट बोलतात, ज्या मागच्या महिन्यात आजारी पडल्या, त्यांना दोन. मी उठले तेव्हा मुद्दाम कान देऊन गेले. मलाही दोन.

म्हणजे त्या दिवशी मी उशीर केलाच नव्हता.

काशीमावशी रोज लाल पडद्यावर यायची. बसायला वेळ, उठायला वेळ. भोंगा झाला की छोटे शेठ काचेच्या केबिनमधून टाळ्या वाजवायचे, शर्यत बघत असल्यासारखे. मावशी खाली मान घालून बिल्ला लावायची. एक दिवस मी बघितलं, तिची पाण्याची बाटली जेवणानंतरही भरलेलीच होती. मी विचारलं.

"पानीच पित नाय मी आता," ती म्हणाली. "पिला नाय तं जावाला लागत नाय. तुजा घड्याल लय घाईचा हाय गो."

तुझं घड्याळ. तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

उन्हाचे दिवस. पत्र्याखालचा गाळा. पन्नाशी ओलांडलेली बाई दिवसभर पाणी न पिता पेनांची बुचं ठोकत होती. आठवडाभराने ती यायची बंद झाली. तिच्या गावची एक बाई सांगत होती, लघवीला आग, अंगात ताप, थंडी वाजून येते. सरकारी दवाखान्यात नेलंय.

त्या संध्याकाळी मी रेखाताईला गाळ्याबाहेर गाठलं. मला भांडायचं नव्हतं. तिने नुसतं नाही म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. खोटं बोलली असती तरी मी त्या दिवशी मानलं असतं.

"ताई, तू स्टार्ट दोनदा दाबतेस."

तिने पर्समधून चावी काढली. "मला टार्गेट आहे. शेठ म्हणतात बायका आत वेळ काढतात. चार मिनिटांच्या खाली आणा म्हणाले. उघड दोन मिनिटं लावली असती तर बोंब झाली असती."

"मावशी दवाखान्यात आहे."

"तिला साखर असेल. वय झालंय."

"ताई, दोनदा दाबतेस तू. मुद्दाम."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. अभ्यासिकेत बघायची तसंच, शांत, समजावणीचं.

"तूच दाखवलंस ना," ती म्हणाली.

आणि शटरला कुलूप लावायला गेली.

कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, असं आमची आजी म्हणायची. मला वाटायचं ही शेतकऱ्यांची म्हण, आपल्याला कधी शेतच नव्हतं. त्या दिवशी कळली. परका मारतो तेव्हा माणूस निदान हात तरी वर करतो. इथे मी माझा गाल स्वतः पुढे केला होता. चूक माझी होती, कबूल. चोरी तिची होती. आणि तिने चोरीवर माझ्या चुकीचा शिक्का मारला.

दोन दिवसांनी छोटे शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत एसी. घाम अंगावरच गार झाला. रेखाताई बाजूला उभी होती, हातात पाण्याची बाटली.

"ये तूने बनाया?"

"हो."

"बढ़िया है. मुझे मॅडम ने अभी बताया." त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसले नाही. "अब इसमें नाम डाल. कौन कितनी बार गई, कितना टाइम. हफ्ते का पूरा हिसाब निकलना चाहिए. बाजू के दोनों गाले में भी लगाएंगे. तू इधर बैठ, पेन-वेन छोड़. मॅडम के नीचे काम कर."

त्यांना वाटलं मी भारावले.

"दिमाग है तेरे में," ते म्हणाले. "बुरा मत मानना, पर तुम लोगों में कम मिलता है ऐसा. नहीं तो सब कोटे पे जीते हैं. है ना मॅडम?"

माझं आडनाव कार्डावर आहे. असं ऐकायची शाळेपासून सवय आहे. मी रेखाताईकडे बघितलं. ती पण 'तुम लोग' होती, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. ती बाटलीचं झाकण फिरवत होती. उघडत नव्हती, नुसतंच फिरवत होती. मग हसली आणि म्हणाली, "हां सर."

हां सर.

लाजायचं नाही म्हणून शिकवणारी बाई. आमच्यातली पहिली पदवीधर. त्या क्षणी मला तिचा राग आला नाही, भीती वाटली. कारण मला माझी खुर्ची दिसली. एसीमध्ये, तिच्या शेजारी, माऊसवर हात. उद्या कुणी तरी बाई बिल्ला उचलणार आणि मी टक टक करणार. परवा शेठ काहीतरी बोलणार आणि मी हां सर म्हणणार. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. मला ससा देत होते, आणि मी खूश व्हायचं होतं.

"मी नावं टाकणार नाही," मी म्हटलं.

"क्यूँ?"

"हे घड्याळ दुप्पट पळतं. चार मिनिटं सांगतात आणि दोनच देतात. मॅडम दोनदा दाबतात."

मला खरंच वाटलं होतं की ते दचकतील. निदान मॅडमकडे बघतील. शिकलेला माणूस, खोटं पकडलं तर ओशाळेल, अशी एक वेडी आशा होती. त्यांनी मोबाईलवरून मानसुद्धा वर केली नाही.

"तो?" ते म्हणाले.

एवढंच. मग काय झालं, अशा सुरात. तो?

मी केबिनचं दार ढकलून बाहेर आले. सरळ टेबलापाशी गेले. कॉम्प्युटर चालूच होता, पडदा बायकांच्या बाजूला. मी मोठ्याने बोलले. माझा आवाज फाटत होता, पण बोलले.

"इकडे बघा सगळ्या. मी एकदा दाबते. माझ्याबरोबर मोजा."

एकदा दाबलं. मी दहा मोजले, आकडा दहाने उतरला. मग ते थांबवून परत चार मिनिटांवर आणलं.

"आता दोनदा दाबते."

मी परत मोजायला लागले. एक. दोन. तीन. कुणी मोजत नव्हतं. हात थांबले होते, डोळे पडद्यावर होते, तोंडं मिटलेली. सातला मागून एका बाईचा आवाज आला, "सात." आठला तो परत बंद झाला. मी एकटीनेच दहा म्हटलं. आकडा वीसने खाली आला होता.

"तुमची निम्मी मिनिटं हे लोक खातात," मी म्हटलं. "काशीमावशी उगाच नाही आजारी पडली."

छोटे शेठनी मागून येऊन वायर ओढली. पडदा काळा झाला. "बाहर," ते म्हणाले. "अभी के अभी." मग बायकांकडे वळले, "काम करो. तमाशा खतम."

आणि बायकांनी काम केलं. ठक ठक बुचं परत सुरू झाली. मी पेटीतून माझा मोबाईल घेतला. शटरखालून वाकून बाहेर पडले. कुणी उठलं नाही. मला वाटलं होतं एखादी तरी उठेल. नाही उठली. त्यांचंही मला लागलं, खोटं कशाला बोलू? ज्या पेन आडवं ठेवून एकमेकींना वाट द्यायच्या, त्यांच्यातल्या एकीलाही माझ्यासाठी उभं राहता आलं नाही.

संध्याकाळी रेखाताई घरी आली. आईने घाईघाईने चादर झटकली, चहा टाकला. तिला अजून काही माहीत नव्हतं. रेखाताई खाटेच्या कडेला बसली.

"तू माझं खरं आडनाव काढलं नाहीस तिथे," ती मला म्हणाली. "माझ्या घरादाराचं. मी घाबरले होते. उपकार झाले."

"ते उपकार नाहीत," मी म्हटलं. "कुणाची जात फेकून मारायची नसते. ती त्यांची सवय आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मग तिने ते पदराने टिपलं आणि ज्या कामासाठी आली होती ते बोलली. "शेठ रागावलेत, पण त्यांना प्रोग्राम हवाय. उद्या येऊन सॉरी म्हण. मी सांभाळून घेते. अगं, आपल्यातली एक तरी पोरगी त्या खुर्चीवर बसायला नको का?"

"बसायला हवी. पण बायकांच्या मुतण्याची मिनिटं चोरायला नाही."

आईच्या हातून कप बशीवर आदळला. "काय बोलतेस मोठ्या माणसाला!"

"मग शिकलीस कशाला?" रेखाताईने विचारलं. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. तिला खरंच उत्तर माहीत नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. रेखाताई चहा अर्धा सोडून गेली. जाताना आईला जयभीम केलं. इथे तिला ते म्हणता येतं.

मग मी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकलं. डागाचंसुद्धा ऐकलं. पीठ मळता मळताच म्हणाली, "झालं ते झालं. दुसरीकडे काम बघ. तोंड मिटून कर." आईचं चुकत नाही. तिने आयुष्यभर तोंड मिटून पोळ्या लाटल्या, म्हणून मी बारावी झाले. पण तोंड मिटून काय होतं तेही मी आता बघितलंय. रेखाताईने मिटलं. ते उघडलं तेव्हा त्यातून 'हां सर' निघालं.

प्रोग्रामिंग मी सोडणार नाही. ते त्यांच्या बापाचं नाही. पण यापुढे काही बनवायच्या आधी विचारीन, हे चालवणार कोण आणि चालणार कुणावर. कितीही गोड माणूस असो. चहा पाजणारं असो, आपल्या वस्तीतलं असो, मला अक्षर शिकवणारं असो. उत्तर मिळालं नाही तर एक ओळ लिहिणार नाही.

आणि उद्या सकाळी मी गाळ्यावर जाणार आहे. माफी मागायला नाही. आत घेणार नाहीत, ठाऊक आहे. शटरसमोरचा रस्ता शेठचा नाही. तिथे उभी राहणार. बायका यायला लागल्या की एकेकीला थांबवून सांगणार, बाई, तू उशीर केला नव्हतास. तुझी मिनिटं चोरली. ती सात म्हणणारी कोण होती ते मला माहीत नाही, तीही त्यांच्यात असेल. तिथून सरकारी दवाखान्यात काशीमावशीकडे जाणार, तिलाही हेच सांगणार, तिच्या उशाशी बसून.

रेखाताई येईल. मला बघून रस्ता ओलांडेल किंवा पोलिसांची भीती घालेल. तिच्यासमोर बोलणार. तिची जात सांगणार नाही. तिने काय केलं ते सांगणार, नाव घेऊन, आवाज चढवून. कुणी थांबलं नाही तर परवा परत उभी राहणार.